शिंग वाजलं की वळणारा घोडा

हैबती खराडे सरदार भुजंगरावांच्या फौजेत बारगीर होता. म्हणजे जीव स्वतःचा आणि घोडा सरदारांच्या पागेतला. लढाईचं शिंग वाजलं, तसा हा गडी घोड्यासकट जो मागे सुटला, तो थेट मुदपाकखान्याच्या तंबूपाशीच थांबला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या फौजेसमोर भुजंगराव गरजले, “उडवा या पळपुट्याचं मुंडकं!”

हैबतीची जीभ मात्र शाबूत होती. “सरकार, मी नाही, घोडा पळाला. खोटं वाटत असेल तर शिंग फुंकून बघा.”

शिंग वाजलं. रिकामा घोडा गर्रकन वळला आणि मुदपाकखान्याकडे चौखूर उधळला.

“तूच त्याला ही खोड लावलीस!”

“मी कधी लावणार, सरकार? मला तो परवाच मिळाला. त्याआधी इतकी वर्षं प्रत्येक लढाईत त्याच्यावर आपणच बसत होता.”

फौजेने मिशीत हसू दाबलं. भुजंगरावांनी घसा खाकरला. “सोडा याला. दुसरा घोडा द्या.”

हैबतीने मुजरा केला. “द्या सरकार, पण आपल्या मागोमाग धावेल असाच द्या. लढाईत मला आपली साथ सोडायची नाही.”