बुटाखालची माती

“तोक, ही रबराची बाग म्हणायची की माकडांचं माहेर?”

हारूनने गुडघाभर गवतातून वाट काढत विचारलं. झाडं रबराचीच होती, पण पायाशी नेचे, वेली, पालापाचोळा... पाय कुठे टाकावा कळेना.

मलय मुलखातल्या नदीकाठच्या त्या गावात म्हाताऱ्या सुलोंग गुरुजींना सगळे ‘तोक’ म्हणत, म्हणजे आजोबा. तोक झाडाला चीर देत होते. अगदी सालीपुरती. पांढरा चीक करवंटीत थेंबाथेंबाने उतरत होता. त्यांनी मान वर केली नाही.

याच म्हाताऱ्याने हारूनचं बोट धरून त्याला पहिली अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. आता हारून इंग्रज सरकारच्या शेतीखात्यात. डोक्यावर टोपी, पायात चकचकीत बूट, काखेत कागद. त्या कागदावर ‘हयगय’ असा शेरा पडला की रबर विकायचा परवाना गेलाच. आणि तोकच्या घरची सात माणसं या शंभर झाडांवर जगत होती.

“जमीन आरशासारखी लख्ख हवी, असा नियम आहे. टेकडीवरचा साहेबाचा मळा बघा. औषधाला गवत सापडायचं नाही!”

“बघतो की रोज. टक्कल छान पडलंय.”

हारूनला हसू फुटलं. त्याने ते गिळलं.

“चेष्टा नको, तोक. मला शेरा लिहावा लागेल.”

“लिही ना. आधी बूट काढ.”

“बूट?”

“माझ्याकडे शिकायला यायचास तेव्हा काढायचास की नाही?”

हारूनने आजूबाजूला पाहिलं. कोणी बघत नव्हतं. त्याने बूट काढले.

तोक त्याला टेकडीवर घेऊन गेले. दुपारचं ऊन. लख्ख लाल मातीवर पाय टेकला मात्र, हारून टुणकन उडाला.

“नाचतोस बरा,” तोक म्हणाले.

झाडांची मुळं उघडी पडली होती, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी. पावसाने पाडलेल्या घळी टेकडीवरून सरळ खाली गेल्या होत्या... खाली हारूनच्या आईचं भाताचं खाचर होतं.

गेल्या पावसाळ्यात त्या खाचरात वीतभर लाल गाळ साचला. आई रोपं उकरून काढत रडली होती. गाळ आला कुठून, हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नव्हतं.

हारूनची नजर घळीतून घसरत खाचरापर्यंत गेली.

मग तोकच्या बागेत. पाय पाचोळ्यात घोट्यापर्यंत रुतला. गार. ओला. बोटांमधून काहीतरी वळवळत गेलं. गांडूळ! हारून दचकला, पण पाय काही त्याने उचलला नाही.

वाकून त्याने मूठभर माती उचलून दाबून पाहिली.

मग खाली बसला, मांडीवर कागद घेतला. ‘हयगय’ हा शब्द त्याने येतानाच वाटेत लिहून ठेवला होता. तो खोडला. वर लिहिलं: माती ओली, झाडं निरोगी, परवाना द्यावा.

लिहून झालं नि हात थबकला.

“तोक, खात्यातला साहेब विचारेल, हे कुठल्या पुस्तकात आहे? काय सांगू?”

तोकनी बूट उचलले, त्याच्या हातात दिले.

“साहेबालाही पाय असतीलच की.”