चौथा उद्गार

“पण मला चौथाच का, आबा?”

आबांनी मान वर केली नाही. शिंदीची झावळी मांडीवर आडवी घेऊन ते विळ्याने तिची पाती काढत बसले होते.

आदल्या दिवशी झावळ्यांचा रविवार झाला होता. ह्याच झावळ्या हातात धरून सगळी मंडळी ‘होसान्ना’ गात गावातून फिरली होती, आणि आज आबा त्यांच्या केरसुण्या बांधत होते. दर वर्षीचंच होतं हे. जयजयकार संपल्यावर उरलेल्या झावळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न प्रवरेकाठच्या त्या गावात फक्त आबांना पडायचा.

आबा म्हणजे चर्चचे निवृत्त पाळक शांतवन आढाव. नाव शांतवन, पण गोड बोलून कोणाची समजूत घालणं त्यांना जन्मात जमलं नाही. तरी लोक त्यांच्याच अंगणात येऊन बसायचे.

समोर उभा होता तो नथानिएल मकासरे. हायस्कुलात शिक्षक, आणि रविवारी उपदेशक. आवाज असा, की शेवटच्या चटईवरच्या म्हाताऱ्यांनाही हात कानामागे धरावा लागू नये. आपला आवाज चांगला आहे हे त्याला माहीत होतं, अंमळ जास्तच माहीत होतं. पुलपिटाशी, म्हणजे उपदेशाच्या मेजाशी, उभं राहायला त्याला आबांनीच शिकवलं होतं.

आता भांडण कशाचं, ते सांगतो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये मोठी उपासना असते. प्रभू क्रुसावरून सात वेळा बोलला, म्हणून सात जण उभे राहतात आणि एकेका उद्गारावर बोलतात. कोणाला कुठला उद्गार द्यायचा, ते ह्या गावात आबा ठरवतात. नथानिएलला नेहमी सहावा मिळायचा, ‘सगळं पूर्ण झालं’. तो त्यावर असा बोलायचा की परगावची माणसं मुद्दाम ऐकायला येत.

यंदा आबांनी त्याला चौथा दिला होता. ‘माझ्या देवा, का सोडलंस मला?’

चौथा कोणालाच नको असतो. तो बहुतेक बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या गळ्यात पडतो.

“सहावा माझा आहे,” नथानिएल म्हणाला.

“तुझा? क्रुसावर तू होतास होय?”

नथानिएल ओशाळला. पण मागे हटला नाही.

“तसं नाही, आबा. दुःखाला हेतू असतो, हे मला सांगायचंय. सहाव्यात ते नीट मांडता येतं. चौथ्यात...”

“चौथ्यात काय?”

“चौथ्यात नुसता प्रश्न आहे. वरून उत्तरच येत नाही.”

“हं.”

आबांनी आणखी एक पात काढलं.

“कोणाला सांगायचंय?”

“मंडळीला.”

“कोणाला?”

“...सत्त्वशीलाला.”

सत्त्वशीला त्याची बायको. नाताळाच्या तोंडावर त्यांची एकुलती एक मुलगी, रिबेका, तापाने गेली होती. शाळेत नुकतीच जायला लागलेली पोर. घरात नाताळाची चांदणी टांगायची राहिली ती राहिलीच.

दफनाच्या वेळी नथानिएल स्वतःच बोलायला उभा राहिला. नवे पाळकसाहेब नको नको म्हणत होते. ह्याने ऐकलं नाही. डोळ्यांत टिपूस न आणता तो बोलला. देवाच्या हातून चूक होत नाही, ह्या दुःखातही त्याचा हेतू आहे, तो आपण ओळखला पाहिजे. लोक रडले. “काय विश्वास म्हणायचा ह्याचा!” असं जो तो म्हणाला. आणि खोटं कशाला बोला, त्या दिवशीसुद्धा त्याला ते ऐकून बरं वाटलं.

सत्त्वशीलाने मूठभर माती टाकली, घरी आली, आणि विचारलं, “कोणता हेतू?”

त्याला सांगता आलं नाही. “कळेल,” तो म्हणाला.

त्यानंतर ती चर्चची पायरी चढली नाही. घरातही ‘ताट वाढलंय’, ‘दार लावून घ्या’, एवढंच बोलायची. आता ईस्टर झाला की माहेरी जाते म्हणत होती. परत कधी येणार, ते म्हणत नव्हती.

“ती गेली की येणार नाही, आबा. मला माहितीय. त्याआधी तिला उत्तर द्यायला पाहिजे. ती चर्चमध्ये नाही आली तरी लाउडस्पीकर आहे. घर मैदानापलीकडंच आहे. ऐकू जाईल.”

“तोंडावर का नाही सांगत?”

“तोंडावर...” नथानिएल अडखळला. “तोंडावर सुचत नाही.”

आबा पाती काढत राहिले.

“तुम्ही सांगा ना. इतक्या माणसांना तुम्ही मूठमाती दिलीत. लेकराच्या मरणात काय हेतू असंल?”

आबांनी बाजूची एक झावळी उचलून पुढे केली. “ही सोल.”

मिरवणुकीत मुलांच्या हाती द्यायच्या झावळ्यांचे काटे आधीच छाटलेले असतात. ही वेदीमागे उभी केलेली मोठी झावळी होती, देठापाशी सुयांसारखे काटे असलेली. नथानिएलचं लहानपण बांधावरच्या शिंदींखाली गेलेलं. पण आपल्याच बोलण्याच्या तंद्रीत त्याने ती नेमकी देठाशी धरली.

“आई गं!”

अंगठ्यातून रक्त आलं.

आबांनी विळा खाली ठेवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“तुझ्या आईला जाऊन किती वर्षं झाली रे?”

“झाली की बरीच. तुम्हीच तर होतात मातीला.”

“मग आत्ता कोणाला हाक मारलीस?”

नथानिएल अंगठा तोंडात धरून तसाच उभा राहिला.

“काट्याचा हेतू विचारायचा राहिला तुझा,” आबा म्हणाले.

त्यांनी विळा पुन्हा उचलला. “चौथाच घे.”

नथानिएल घरी आला तेव्हा सत्त्वशीला ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिची नजर अंगठ्याकडे गेली.

“काय झालं?”

“काटा.”

“शिंदीचा?”

“हो.”

“ठणकेल आता.”

ती उठली, हळद आणून अंगठ्यावर दाबली आणि पुन्हा तांदळाला लागली. नाताळानंतर त्या दोघांमध्ये एवढं लांब बोलणं झालं नव्हतं. नथानिएलला वाटलं, आणखी काहीतरी बोलावं. पण त्याला फक्त उपदेशाचीच वाक्यं आठवत होती.

आबांचं म्हणणं त्याला पटलं होतं असं समजू नका. चौथा तर चौथा, म्हणून तो जिद्दीने तयारीला बसला. प्रश्न शुक्रवारी विचारला, उत्तर रविवारी, प्रभू उठला तेव्हा, रिकाम्या कबरीत मिळालं, असा त्याने चोख मुद्दा काढला. मुद्दा खोटाही नव्हता. रात्रंदिवस तो घोकून त्याने पाठ केला. अंगठा मात्र ठणकत राहिला.

उत्तम शुक्रवारी ऊन असं तापलं होतं की मैदानात पाय ठेववत नव्हता. चर्च भरलं होतं. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, पुढच्या चटईवर मुलं. बहुतेकांना उपास. पुलपिटाच्या शेजारी आबा खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर पितळी घंटी घेऊन. बोलणाऱ्याची वेळ संपली की ते ती वाजवायचे. नथानिएलसाठी दर वर्षी दोनदा वाजवावी लागायची, आणि त्यावर मंडळी गालातल्या गालात हसायची.

पहिला उद्गार झाला. दुसरा झाला. तिसरा झाला.

नथानिएल उभा राहिला. मंडळी सावरून बसली.

“माझ्या देवा...” त्याने सुरुवात केली. नेहमीचाच आवाज, भरदार. पुलपिटाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली, सवयीप्रमाणे, आणि अंगठ्यातून कळ गेली.

तो थांबला.

डावीकडच्या पुढच्या चटईच्या टोकाशी रिबेका बसायची, खांबाला टेकून. फ्रॉकची नाडी चघळत. बाप बोलत असला की तिला झोप यायची, आणि घरी तो तिला त्यावरून चिडवायचा. नाताळापासून इथे उभं राहून त्याने एकदाही त्या खांबाकडे पाहिलं नव्हतं. आज त्याने पाहिलं.

तिथे कोणी नव्हतं.

“का...” तो म्हणाला. पुढचं येईना.

पाठ केलेला सगळा मुद्दा जिभेवर तयार होता. त्याला तो उच्चारावासा वाटेना.

...

“रिबू,” तो म्हणाला.

लाउडस्पीकरने ते नाव मैदानापलीकडे नेलं.

मग नथानिएल मकासरे रडला. डोळे टिपत रडला नाही. शेतात, माळावर, कोणी बघत नसताना माणूस रडतो तसा भोकाड पसरून रडला. शाळेतली त्याची मुलं समोर होती. परगावचे पाहुणे होते. त्याला कशाचंही भान राहिलं नाही.

मंडळी चुळबुळली. चर्चच्या पंचांपैकी एक जण अर्धवट उठला आणि आबांना खूण करू लागला, घंटी वाजवा म्हणून.

आबांनी घंटीवर तळहात ठेवला.

...

दाराकडे बायकांच्या माना वळल्या.

सत्त्वशीला उभी होती. पायात चप्पल नव्हती. तापलेलं मैदान ती तशीच पळत आली होती, आणि डोक्यावर पदर घ्यायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. ती बायकांच्या बाजूला बसली नाही. मधल्या वाटेने सरळ चालत पुलपिटापाशी आली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

“मला वाटलं होतं, तुम्हाला काही झालंच नाही.”

नथानिएलने नाही म्हणून मान हलवली. तिने त्याचा दुखरा हात आपल्या हातात घेतला, आणि समोरच्या क्रुसाकडे बघून, कोणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, पण स्पष्ट म्हणाली, “का सोडलंस?”

एखादं तरी लेकरू मातीला दिलेल्या आया त्या चटयांवर काही कमी नव्हत्या. त्यांच्यातली एक हुंदका देऊन रडू लागली, मग दुसरी. पुरुषांच्या बाजूलाही कोणीतरी नाक शिंकरलं.

पाचवा उद्गार दानिएलमामा लोंढ्यांकडे होता, ‘मला तहान लागली’. मामा उठले. पुलपिटाशी आले. नथानिएलकडे पाहिलं, सत्त्वशीलाकडे पाहिलं. मग काही न बोलता मागच्या खोलीत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. दोघांना पाजलं आणि जागेवर जाऊन बसले. त्या वर्षी पाचवा उद्गार एवढाच झाला.

घंटी वाजली नाहीच.

तीन वाजता उपासना संपली. लोक हळूहळू, खालच्या आवाजात बोलत निघून गेले. नथानिएल आणि सत्त्वशीला सगळ्यांत शेवटी बाहेर आले. पायरी सावलीत होती. आबा नव्या केरसुणीने ती झाडत होते.

“आबा.”

“हं.”

“माझं बोलणं झालंच नाही आज.”

“हं.”

“आणि हेतू...” नथानिएलचा आवाज बसला होता. कितीतरी दिवसांनी तो साधा, घरातला आवाज होता. “हेतू मला अजून नाही कळला.”

आबांनी झाडणं थांबवलं. सत्त्वशीलाकडे पाहिलं.

“तुला गं?”

तिने मान हलवली. नाही.

तिचे पाय भाजून लाल झाले होते. नथानिएलने आपल्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या. तिने त्या घातल्या.

आबा पुन्हा वाकले. एक पायरी झाडून झाली. मग दुसरी.

“बरं,” ते म्हणाले. “मग आता दोघं मिळून विचारा.”