कोंडलेल्या सुइणी

लहानथोरांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी हैबती आणि गोजरा हे शेतकरी जोडपं राहत होतं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर गोजराला दिवस गेले होते. हैबतीने तिच्यासाठी नवी बाज विणली, खोली सारवून घेतली. तिला नांगराला हात लावू देईना. गावची सुईण ठकूआजी येता-जाता गोजराचं पोट चाचपून बघायची आणि म्हणायची, "बाळ मजेत आहे. तू पोटभर जेवत जा, बाकी माझ्यावर सोड."

अशात एक दिवस गावात दवंडी पिटली गेली. राणीसाहेबांचेही दिवस भरत आले होते. त्यांचं बाळंतपण होईपर्यंत राज्यातल्या झाडून साऱ्या सुइणींनी राजवाड्यात येऊन राहायचं होतं.

शिपाई ठकूआजीला न्यायला आले. आजी म्हणाली, "अरे, माझ्या गोजराचे दिवस भरत आलेत!"

शिपाई हसला. "राणीसाहेबांच्या आधी कुणाचे दिवस भरत नाहीत, म्हातारे."

हैबती पुढे झाला, पण शिपायांनी भाले रोखले आणि ते आजीला घेऊन गेले.

राजवाड्यात सुइणींना गाद्या मिळाल्या, तूप-भात मिळाला. काम मात्र काही नव्हतं. आणि इकडे पलीकडच्या वाडीतली धुरपा बाळंतपणात गेली. मूल आडवं आलं होतं. ते फिरवायला जाणतं माणूस कुणी नव्हतं. आईही गेली, मूलही गेलं.

हैबती तिला मसणात पोचवून घरी आला तो धुमसतच. "एका बाईसाठी शंभर हात बसवून ठेवलेत," तो म्हणाला, "आणि धुरपाला दोन हात मिळाले नाहीत!"

गोजरा पोटावर हात ठेवून उठली. "गाडी जुंपा. सुईण इकडे येत नसेल तर मीच तिच्याकडे जाते. मी घरात बसून मरायची नाही."

बैलगाडी राजवाड्याच्या दारी पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि गोजराला कळा सुरू झाल्या होत्या. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले. आरडाओरडा ऐकून राजा सज्जात आला.

"महाराज," हैबती ओरडला, "आमच्या खळ्यातला पहिला वाटा तुमचा. तो आम्ही कधी नाकारला नाही. पण आमच्या सुइणी आम्हाला द्या!"

राजालाही हे पहिलंच मूल होणार होतं. भीती त्यालाही होती. पण तो म्हणाला, "राणीच्या पोटी राज्याचा वारस आहे."

"आणि आमच्या बायकांच्या पोटी काय दगड आहेत?"

तेवढ्यात गोजराची किंकाळी वाड्यात घुमली. आतल्या दालनात ठकूआजी ताडकन उठली. दाराशी भाला आडवा आला, तसा तिने तो हाताने बाजूला सारला. "हो बाजूला! तूही कुणा सुइणीच्याच हातांवर आलास."

पहारेकऱ्याने मान खाली घातली. आजीमागोमाग एकेक करून साऱ्या सुइणी उठल्या.

"उंबरा ओलांडेल तिला पुन्हा आत घेणार नाही!" राजा गरजला. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

लुगड्यांचा आडोसा करून गाडीतच गोजरा बाळंत झाली. मुलगी झाली. पुष्कळशा सुइणी आपापल्या गावच्या वाटेला लागल्या.

आणि दिवस मावळायच्या आत राणीच्या कळा सुरू झाल्या.

आता राजा अनवाणी धावत गाडीपाशी आला. त्याने ठकूआजीपुढे हात जोडले. आजीने गोजराकडे पाहिलं.

गोजरा थकली होती, पण तिचे डोळे पेटले होते. "आजी, तुम्ही जा. त्या बाईचा काय दोष?" मग ती राजाकडे वळली. "महाराज, तुम्ही आम्हाला जे दिलं नाहीत, ते मी तुमच्या राणीला देते. पण धुरपा आता कुठून आणाल?"

राजा आजीला घेऊन वाड्याकडे धावला.

राणी सुखरूप सुटली. राजाने सुइणींना अडवायचा हुकूम मागे घेतला आणि बारशाला गावोगाव साखरेच्या गाड्या धाडल्या. धुरपाच्या वाडीत गाडी थांबली, शिपायाने हाका मारल्या. एकही दार उघडलं नाही. बाहेर ओट्यावर बसलेल्या पोरांनीसुद्धा हात पुढे केला नाही. भरली गाडी तशीच माघारी गेली, आणि ती पाहून आपल्या तान्ह्याला मांडीवर घेतलेला राजा जन्मात पहिल्यांदा शरमला.

तात्पर्य : सगळ्यांच्या जिवाचा आधार जो एकट्यासाठी कोंडून ठेवतो, त्याच्या सुखात कुणी वाटेकरी होत नाही.