एक तास अकरा मिनिटं

“मग याला तप नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं, बाबा?”

उन्मेष सबनीसने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. चौदा किलोमीटर सायकल आणि वर ही टेकडी, पायी. एक तास अकरा मिनिटं. याहून लवकर तो कधीच आला नव्हता.

हिरापुरी बाबा वाती वळत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण डोळ्यांवर चष्मा नव्हता.

“भिजलास की रे,” ते म्हणाले. “दगडाला पाठ टेकू नकोस. गार आहे.”

उन्मेष शहरात इंजिनिअर होता. वय पंचेचाळीस. पोट सुटलेलं नव्हतं, आणि ते सुटलं नसल्याचा अभिमान मात्र पोटभर होता. दर गुरुवारी ऑफिसातून निघाला की तो सायकल काढी. सायकल महागाची, म्हणून पायथ्याच्या चहावाल्याच्या खोलीत कुलपात ठेवी, पिशवीतले कापडी बूट घाली आणि चढायला लागे. सायकलवरून उतरल्यावर पहिली शंभर पावलं पाय आपले नसतात, दुसऱ्याच कुणाचे तरी असतात, असं तो भेटेल त्याला सांगे. ते खरंही होतं.

टेकडीवरच्या लहानशा महादेवापाशी बाबा एकटे राहत. चाळीस गुरुवार ये, मग बघू, असं त्यांनीच सांगितलं होतं. आजचा चाळिसावा. आज ते उन्मेषच्या कानात नाव देणार होते, गुरूने एकदाच द्यायचं आणि शिष्याने जन्मभर घ्यायचं ते. त्या नावापायी त्याने जवळच्यांची दोन लग्नं आणि सख्ख्या भाचीचं बारसं बुडवलं होतं.

“वाटेत कोण भेटलं?” बाबांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“कोणीच नाही…”

“या वेळेला कोण असणार त्या रस्त्याला?”

बाबांनी पुढची वात घेतली.

उन्मेष खोटं बोलला होता. पायथ्याच्या थोडं अलीकडे, ओढ्याच्या पुलाजवळ एक म्हातारा उभा होता. जुनी सायकल, मागच्या चाकात हवा नाही, कॅरियरवर पेंडीचं पोतं. त्याने हात केला होता. उन्मेषच्या सायकलच्या दांडीला लावलेला पंप त्याला दिसला होता. उन्मेष थांबलाही होता, एक पाय जमिनीला टेकवून. पण घड्याळ चालू होतं… तोंडाला येईल ते बोलून तो पुढे निघाला होता.

आता त्याला वाटत होतं, बाबांनी दुसरं काहीतरी विचारावं.



बऱ्याच वेळाने पायवाटेवर कुणाच्या तरी धापा ऐकू आल्या. आधी पटका दिसला, मग तोंड. उन्मेषने लगेच ओळखलं. पुलाजवळचाच म्हातारा होता तो.

उन्मेषचं लाल हेल्मेट त्याच्या गुडघ्याशी पडलं होतं. त्याने ते हळूच पाठीमागे सरकवलं.

म्हाताऱ्याने त्याला ओळखलं नाही. रस्त्यावर उन्मेषच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

“ये, गेनबा,” बाबा म्हणाले. “बस. पाणी घे.”

“बसाया न्हाई आलो, बाबा. हितनं रस्ता समदा दिसतो, म्हून आलो.”

गेनबा कठड्याशी गेला आणि कपाळावर हात धरून खाली बघू लागला.

“काय हरवलं?”

“एक सायब व्हता सायकलवर. डोक्याव लाल टोपडं. म्या हवा मागितली, तर ‘आलोच’ म्हनला आन् म्होरं गेला. आलाच न्हाई.”

“मग?”

“वळणाव खडी सांडलीय, बाबा. माझ्यापायी घाईनं माघारी फिरला आसंल आन् घसरला आसंल… रस्त्याकडंची चारी समदी बघत आलो. दोनी अंगाची.”

“निघून गेला असेल.”

“आलोच म्हनला ना पर त्यो.” गेनबाने बाबांना हे जरा समजावूनच सांगितलं. “यायचं नसतं तर न्हाई म्हनला आसता.”

उन्मेष खाली मान घालून बसला होता. त्याचे कान तापले होते. म्हाताऱ्याने शिव्या दिल्या असत्या तर त्याला चाललं असतं. शिव्यांना द्यायला त्याच्याकडे उत्तरं ढीगभर होती. ऑफिसात दिवसभर तो तेच करी. पण हा म्हातारा त्याला चारीत शोधत आला होता, आणि वर दोष स्वतःकडे घेत होता. इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. त्याच्या पाठीमागे बघत होते.

गप्प बसता येत होतं. म्हातारा उतरून गेला असता, बाबांनी दिवा लावला असता, आणि चाळीस गुरुवारांचं फळ कानात पडलं असतं. उन्मेषच्या मनात हे सगळं आलं. आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. थोडा वेळ ते तिथे राहिलंही.

“पुन्यांदा बगतो खाली जाऊन,” गेनबा वळत म्हणाला. “उजेड हाय तवर. चारीत झुडपं लई हायती.”

“बाबा…” उन्मेष म्हणाला. “तो मी.”

“मला काय सांगतोस?”

उन्मेष उभा राहिला. पाठीमागचं हेल्मेट त्याने पुढे घेतलं, आणि ते कुठे धरावं हे त्याला कळेना.

“काका, तो मी होतो. मी… थांबलो नाही.”

गेनबाने हेल्मेटकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग जवळ येऊन त्याने उन्मेषचं कोपर दाबलं, वाकून गुडघा चाचपला, बैलाचा पाय तपासतात तसा.

“कुटं लागलं-बिगलं न्हाई ना?”

“नाही.”

“मंग झालं.”

आणि आता कुठे तो खाली बसला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्याला.

उन्मेषला वाटलं, खरंच पडलो असतो तर बरं झालं असतं.

“चला, काका,” तो म्हणाला. “पंप खालीच आहे. हवा भरतो, घरापर्यंत सोबत येतो.” मग सवयीने तो बाबांकडे वळला. “बाबा, यांना पोचवतो आणि आ…”

शब्द अर्ध्यातच अडकला.

गेनबाने तांब्या उगीचच पुसला.

बाबांनी वाती बाजूला ठेवल्या.

“इकडे ये.”

“आज नको, बाबा.”

“का?”

“मी त्या लायकीचा नाही.”

“लायकी कोण विचारतंय? कान कर इकडे.”

उन्मेष गुडघ्यांवर बसला. वर मान करायची त्याला हिंमत होत नव्हती. दुसऱ्याचा कानमंत्र ऐकू नये, म्हणून गेनबाने रीतीप्रमाणे तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत राहिला.

बाबा त्याच्या कानाशी वाकले.

“आलोच,” ते म्हणाले. “हेच तुझं नाव. पोचल्याशिवाय घ्यायचं नाही.”