अकरा बारक्या खाचा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाचे म्हातारेही ‘आमच्या काळी असं नव्हतं’ म्हणायचे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात पाच पंच. त्यांच्या दाढ्या पांढऱ्या होत्या, म्हणून ते शहाणे. दुसरा पुरावा कुणी कधी मागितला नव्हता.

एकदा डोंगरावरची हौसा नावाची मेंढपाळ पोर कळप घेऊन खाली उतरली. शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखत द्यायचं, बदल्यात धान्य घ्यायचं, अशी रीत. वेशीवर तिनं मोजणीची काठी दाखवली. काठीवर दोन मोठ्या खाचा, पाच बारक्या.

थोरल्या पंचानं मेंढरं मोजली. एकोणतीस भरली.

“काठी म्हणते पंचवीस. वरची चार कुणाची उचललीस गं?”

“कुणाची नाही, आजोबा. काठीवरही एकोणतीसच आहेत.”

“ऐका! आता खाचा वाचायलाही हीच शिकवणार आम्हाला!”

हौसा घाबरली. आईमागे तिला उरला होता तो एवढा कळपच. तेवढ्यात तिचं लक्ष कडेच्या पंचाकडे गेलं. तो बोटं मुडपत पुटपुटत होता, “पाच जण... पाच-पाच...” तिच्या मनात पाल चुकचुकली.

निवाडा झाला. चार चोरीची, ती गावजेवणाला. उरलेली पंचवीस दंडाची, ती पंचांना. वाटणी आधी झाली होती, न्याय मागून आला.

“आजोबा, मोठी खाच म्हणजे किती?” हौसानं विचारलं.

“दहा. माणसाला बोटं दहा.”

“आम्ही बोटं नाही, पेरं मोजतो.” तिनं अंगठा चार बोटांच्या पेरांवरून फिरवला. “एका हाताची बारा. दोनदा बारा, वर पाच.”

“बरं सोयीचं सुचलं!” दुसरा पंच खिदळला.

“आणि आमच्या आया लेकींना कळप देतात तो न फुटणारा. दोघांत वाटा, तिघांत वाटा, काही ना काही उरतंच. म्हणून भाऊबंद त्याला हात लावत नाहीत. पंचवीस मात्र पाचांत फुटतात. ते तुम्हाला चांगलं ठाऊक दिसतंय.”

जमलेल्या लोकांत खसखस पिकली. थोरला कडाडला, “पुरावा दे, नाहीतर मेंढरं सोड न् चालू लाग!”

हौसानं काठी उलटी केली. मागे गेल्या सालची मोजणी होती. एक मोठी खाच, अकरा बारक्या.

“दहाला मोठी खाच पडत असती, तर माझ्या आईनं ह्या अकरा बारक्या कशाला कोरल्या असत्या?”

लोकांनी मेंढरं दोनच्या, तीनच्या, पाचच्या, सातच्या ओळींत उभी करून पाहिली. दर वेळी काही उरलीच. पेरांनी मोजा की बोटांनी, तो कळप समान वाटला जाईना.

“आम्ही पोरीची परीक्षा पाहत होतो,” थोरला म्हणाला. माफी एकानंही मागितली नाही.

हौसा एकोणतीस मेंढरं घेऊन डोंगर चढून गेली. त्यानंतर कुणाचाच कळप त्या गावात उतरला नाही. शेतांना खत मिळेना. दुसऱ्या साली कणसं दाणे धरेनात.

पाची पंच बांधावर जमले. रिकाम्या कणसांकडे पाहून थोरला म्हणाला, “ही मातीच चोर आहे.”

तात्पर्य एवढंच: समोरचा कसा मोजतो हे न विचारताच जो त्याला चोर ठरवतो, त्याच्या संशयामागे न्याय नसतो, हाव असते.