छपराला दोर

दोन डोंगरांमधल्या खिंडीच्या तोंडाशी फार पूर्वी एक लहानसं गाव होतं. तिथे केरबा नावाचा सुतार आणि त्याची बायको ठकू राहत. गावातली निम्मी घरं केरबाच्या हातची. त्याने बसवलेल्या सांध्यात केससुद्धा शिरायचा नाही. ठकू दोर वळणाऱ्यांची लेक. ती घायपाताचे असे दोर वळायची की ओढणारा बैल थकायचा, पण दोर तुटायचा नाही.

दोघांचा एकमेकांवर फार जीव होता आणि दिवसातून दोनदा तरी भांडण व्हायचं. भांडण झालं की केरबा रागाने न जेवता कामाला जायचा आणि ठकू त्याच्यामागून भाकरी घेऊन जायची. लोक हसायचे. त्या दोघांना त्याचं काही वाटायचं नाही.

एकदा चैत्रातल्या दुपारी त्यांच्या अंगणात वावटळ शिरली. अंगणात धान्याने भरलेली कणगी होती. तिच्यावर टोपलं पालथं घातलेलं आणि टोपल्यावर चांगला मोठा दगड. वावटळीने कणगीला हलवलंही नाही. पण टोपलं दगडासकट वर उचललं आणि कुंपणापलीकडे नेऊन टाकलं.

ठकू बघतच राहिली. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, वारा घराला ढकलतो असं आपण समजतो. पण तो वरून जाताना झाकण उचलतो. आपली छपरं नुसती भिंतींवर टेकलेली आहेत. ती खाली बांधायला हवीत."

केरबा म्हणाला, "टोपलं वेगळं, छप्पर वेगळं."

"काय वेगळं आहे?"

केरबाने जरा विचार केला. "छप्पर मी बसवलंय," तो म्हणाला.

त्याच महिन्यात गावातल्या म्हाताऱ्या सुईणीच्या घराचं छप्पर बदलायचं काम निघालं. म्हातारी एकटीच राहायची. अर्ध्या गावाला तिने जन्माच्या वेळी हातात घेतलं होतं, केरबालासुद्धा. वासे चढले तशी ठकू दोरांचं भेंडोळं घेऊन आली.

"माझ्या कामाला दोर?" केरबा उखडला. "छप्पर म्हणजे काय म्हैस आहे, दाव्याला बांधायला?"

सुईण ओट्यावरून म्हणाली, "बांधू दे रे बाबा. तू जन्मलास तेव्हा तुझी नाळ मी दोऱ्यानेच बांधली होती. त्याने तुझं काही कमी झालं का?"

केरबा बाजूला झाला. ठकूने वासे तुळईला बांधले, तुळई खांबांना बांधली आणि खांबांच्या बुडाशी खणून पायातल्या मोठ्या दगडांना दोरांचे वेढे घातले. सुईणीने विचारलं, "इतकं खालपर्यंत कशाला गं?"

"वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी हात धरायला हवेत, आजी. मधल्या एकाने हात सोडला, की त्याच्या वरचे सगळे गेले."

घरी आल्यावर ठकू म्हणाली, "आता आपल्या घराला बांधू."

"नको," केरबा म्हणाला. "लोक म्हणतील, केरबाचा स्वतःच्याच कामावर भरवसा नाही. फार तर आढ्यापाशी आणखी चार दगड ठेवतो."

ठकूने पुष्कळ समजावलं. तो ऐकेना.

पंधरा दिवसांनी, भरदुपारी, आभाळ पिवळं पडलं. चिमण्या एकाएकी गप्प झाल्या. खिंडीच्या वर एक काळा ढग आला आणि त्यातून हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी जमिनीपर्यंत उतरलं. ते गरगरत गावाकडे येऊ लागलं. अशी वावटळ गावात कुणी पाहिली नव्हती.

ठकू तेव्हा सुईणीकडे होती. तिने दारं-खिडक्या लावल्या, अडसर घातले, म्हातारीला मधल्या लहान खोलीत नेलं आणि तिच्या अंगावर गोधडी घालून तिला कवटाळून बसली.

केरबा आपल्या घरी होता. म्हातारी माणसं म्हणायची, वाऱ्याला वाट दिली की तो निघून जातो. म्हणून त्याने पुढचं दार उघडं टाकलं. वारा आत शिरला, पण बाहेर पडला नाही. घर फुग्यासारखं फुगलं. आतून वारा छपराला वर रेटू लागला आणि बाहेरून वर ओढू लागला. केरबाच्या डोळ्यांदेखत छप्पर भिंतींवरून वीतभर उचललं गेलं. त्याच्या सांध्यांतला एकही सांधा निखळला नव्हता. अख्खंच्या अख्खं छप्पर उठलं आणि गेलं. आढ्यावरचे दगड धडाधड आत पडले. डोक्यावरचा आधार गेल्यावर भिंती डोलू लागल्या आणि एक भिंत कोसळली. केरबा आपल्या जाड लाकडी बाकाखाली शिरला होता, म्हणून वाचला. तरी एका दगडाने त्याचा खांदा मोडला.

वारा पुढे गेला. केरबा उठला आणि लोंबता हात धरून सुईणीच्या घराकडे धावत सुटला. वाटेत घरांच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. 'ठकू, ठकू,' एवढंच तो म्हणत होता.

सुईणीच्या घराची पुष्कळ कौलं उडाली होती. पण वासे जागेवर होते. भिंती उभ्या होत्या. दार आतून बंद होतं. केरबाने ते एका हाताने बडवलं.

ठकूने दार उघडलं. त्याला पाहून तिने आधी खांद्याकडे बघितलं. "मी सांगितलं होतं," असं ती म्हणाली नाही. "बसा," म्हणाली, आणि आपला पदर फाडून त्याचा हात गळ्यात बांधला.

केरबा ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

खांदा भरून यायला दोन महिने लागले. पण केरबा तेवढा थांबला नाही. चौथ्याच दिवशी, हात गळ्यात, तो घरोघर निघाला. ज्यांची छपरं उडाली होती त्यांच्याकडे गेला आणि ज्यांची वाचली होती त्यांच्याकडेही गेला. प्रत्येक दारात तो एकच सांगायचा, "तुमच्या घराच्या कामात माझी एक चूक राहिली आहे. छप्पर खाली बांधायचं राहून गेलं. ठकू म्हणत होती, मी ऐकलं नाही."

एक शेतकरी म्हणाला, "अरे केरबा, माझं छप्पर तर जागेवर आहे. आता कशाला आपलीच अब्रू घालवतोस?"

केरबा म्हणाला, "माझी अब्रू माझ्यापाशी राहिली आणि तुमच्या पोरांच्या अंगावर दगड पडले, तर त्या अब्रूचं मी काय करू?"

शेतकऱ्याने शिडी आणून भिंतीला लावली.

पावसाळ्याआधी गावातलं एकही छप्पर मोकळं राहिलं नाही. ठकूने बायकांना दोर वळायला शिकवलं, केरबाने पुरुषांना वेढे घालायला. स्वतःचं घर त्यांनी सगळ्यांत शेवटी बांधलं. ते बांधतानाही दोघांचं भांडण झालं, दोर डावीकडून घ्यायचा की उजवीकडून. केरबा न जेवता शिडीवर चढून बसला आणि ठकूने त्याला भाकरी वर नेऊन दिली.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: कौशल्याने घर उभं राहतं, पण ते टिकतं एकमेकांना धरून ठेवल्याने, आणि आपली चूक जो स्वतःच्या तोंडाने सांगतो, तो अनेकांची घरं वाचवतो.