गरम आस आणि मापाचं कडं

ऐका मंडळी! लहानांनी पुढे सरका, मोठ्यांनी मागे बसा आणि मध्ये बोलू नका. ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा यंत्रंसुद्धा माणसांशी बोलायची.

एका राज्यात म्हाळू नावाचा कातारी होता. फिरत्या लोखंडाला हत्यार लावून ते गोल कातायचं, हा त्याचा धंदा. सात गावांच्या विहिरींवरचे रहाट त्याने कातलेल्या आसांवर, म्हणजे मधल्या लोखंडी दांड्यांवर, फिरायचे. पण वय झालं आणि म्हाळूचे हात थरथरू लागले. आस जाड झाला तर रहाटात जायचा नाही, बारीक झाला तर रहाट डगडगायचा. एक दिवस त्याची बायको सगुणा स्पष्टच म्हणाली, "अहो, आता हातांच्या भरवशावर दुकान चालायचं नाही. यंत्र घ्या, नाहीतर दाराला कुलूप लावा."

यंत्र म्हणजे साधंसुधं नव्हे हं! आकडे सांगितले की ते ध्यानात ठेवायचं आणि आपलं आपण कातायचं. तुमच्याकडे त्याला सीएनसी लेथ म्हणतात म्हणे. नवं घ्यायचं तर त्यासाठी राजाच व्हायला हवं! पण राजाच्या कारखान्यातून वापरून काढलेली जुनी यंत्रं वर्षातून एकदा राजधानीच्या बाजारात यायची. म्हाळूने आयुष्यभराची पुंजी कमरेला बांधली. मापाचं कडंही सोबत घेतलं. या कड्यात आस नेमका बसला, की माप बरोबर. मग नवराबायको दोघं निघाली. म्हाळू वाटेत चालत नव्हताच, उड्या मारत होता.

बाजाराचा रिवाज मोठा कडक होता. यंत्र पसंत पडलं की त्याच्यापुढे नारळ फोडायचा. नारळ फुटला की सौदा पक्का. नंतर यंत्र रुसो नाहीतर रडो, परत घेणं नाही.

म्हाळूच्या पुंजीत बसतील अशी दोनच यंत्रं होती. एक हिरवंगार, नवा रंग दिलेलं, आरशासारखं लखलखीत. दुसरं कोपऱ्यात, तेलकट, जागोजागी रंगाचे पोपडे निघालेलं.

"या, या, कारागीर!" हिरवं यंत्र गरजलं. "मी राजाच्या रथांचं काम केलंय. आकडा सांगा आणि गंमत बघा!"

म्हाळूने आकडा सांगितला. सर्रर्र करत आस उतरला. यंत्रं विकणारा व्यापारी ओरडला, "घाला कड्यात, गरमागरम!" म्हाळूने आस उचलला, चटका बसला तरी सोडला नाही, आणि कड्यात सरकवला. असा नेमका बसला म्हणून सांगू, वा! म्हाळूच्या अंगावर आनंदाने काटा आला.

"त्या कोपऱ्यातल्यालाही विचारा की," सगुणा म्हणाली.

तेलकट यंत्राने आकडा ऐकला आणि सावकाश आस कातून दिला. म्हाळूने तोही लगेच कड्याला लावला. छे! आस आत जाईचना. भोवतालचे लोक खदाखदा हसले.

"मालक, जरा दम धरा," तेलकट यंत्र हळूच म्हणालं.

पण म्हाळू कसला ऐकतोय! शेजारच्या राज्यातला एक कारखानदार मघापासून हिरव्या यंत्राभोवती घिरट्या घालत होता, त्याच्याही हातात नारळ होता. म्हाळूने घाईघाईने नारळ डोक्यावर उचलला.

सगुणाने त्याचं मनगट धरलं. "बोटं दाखवा बघू. भाजलीत ना?"

"भाजू देत! यंत्र जाईल हातचं!"

"चाळीस वर्षं शिकाऊ पोरांना काय दटावत आलात? गरम लोखंड फुगलेलं असतं, त्याचं माप घेऊ नका. आणि आज स्वतःच विसरलात?"

म्हाळूचा हात वरच्या वर थांबला. तेवढ्यात फट्! कारखानदाराने आपला नारळ फोडला. हिरवं यंत्र हार घालून, वाजतगाजत निघूनही गेलं. म्हाळूच्या तोंडचं पाणी पळालं. "गेलं गं! आता कुलूपच लावायचं!"

"आधी भाकरी खा," सगुणा म्हणाली.

दोघं सावलीत बसली. म्हाळूने दोन्ही आस पुढ्यात ठेवले आणि भाकरी मोडली. भाकरी संपेपर्यंत ते गार झाले. त्याने हिरव्या यंत्राचा आस कड्यात घातला, तर तो खुळखुळ्यासारखा वाजायला लागला! मग तेलकट यंत्राचा घातला. तो अलगद सरकला आणि नेमका बसला. हलवून पाहिला, तसूभरही हलेना.

"अगं, बसला! बसला!" म्हाळू भर बाजारात नाचू लागला. नाचता नाचता त्याने यंत्राला विचारलं, "मघाशी लोक हसले, तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो की. पण तेव्हा तुम्ही ऐकायच्या तयारीत नव्हता," यंत्र म्हणालं. "रहाटात आस गार होऊनच बसतो, मालक. माझं माप गार आसाचंच. त्या हिरव्याला मात्र बाजारात गरमागरम पास व्हायचं तेवढं ठाऊक आहे."

म्हाळूने नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याने सगुणाच्या हातावर ठेवला.

दुकान चालू राहिलं. सातही गावांचे रहाट पूर्वीसारखे फिरू लागले. महिन्याभराने तो कारखानदार खुळखुळणाऱ्या आसांचं पोतं घेऊन म्हाळूच्या दारात आला आणि मान खाली घालून म्हणाला, "हे काही सुधारता येईल का हो?"

म्हाळूने एक आस हातात घेतला आणि फिरवून पाहिला. तो खळखळून हसेल असं वाटून सगुणा बघत राहिली. पण तो म्हणाला, "जास्त कातलं गेलेलं लोखंड परत भरता येत नाही, दादा. नवे कातून देतो. तुमच्या जागी मीच असतो, फक्त माझा हात धरायला कुणीतरी होतं."

तात्पर्य: हरखलेल्या मनाने पारख करू नये; लोखंड आणि मन, दोन्ही निवल्यावरच खरं माप सांगतात.